जमेला तिचे शब्द

॥ श्री ॥
ता. ६ जानेवारी

प्रिय वन्सं यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पार्सल परवा दुपारी पोचलं. आत निघालं ते असं : बदाम पाव किलो, सूनबाईसाठी शक्तीच्या गोळ्यांच्या बाटल्या दोन, शेकायची रबरी पिशवी एक, तुमच्या दादांसाठी बनियन दोन. वर तिकिटं बहात्तर रुपयांची. एका बाटलीचं झाकण सैल होऊन सात गोळ्या सांडल्या होत्या, त्या वेचून परत भरल्या. बाटल्यांवरची किंमत तुम्ही खरवडून काढलीत, पण मी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला विचारून आले. एकशे ऐंशीला एक! इतकं कशाला हो? मात्र मनापासून सांगते, पार्सल उघडताना बरं वाटलं. घरात कुणीतरी आपली आठवण काढतं, एवढंच माणसाला पुरतं.

इकडची खुशाली म्हणजे, यांचे पाय गार पडतात म्हणून मोजे विणले. लोकर घरातलीच मोकळी झालेली होती, तेव्हा खर्च शून्य. घालून घरभर मिरवतात.

आता खरं ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. सूनबाईचं बाळ आठव्या महिन्यात गेलं, त्याला आता आठ आठवडे होतील. अंगाने ती सावरली, पण बोलत नाही. म्हणजे मुकी झाली असं नाही. मी म्हटलं, "देवाच्या मनात असेल तसं होतं, तुम्ही दोघं लहान आहात, वर्षात पाळणा हलेल." म्हणाली, "हो आई." म्हटलं, "दुकानात जायला लाग, मन रमेल." "हो आई." म्हटलं, "रडू नकोस." "नाही आई." वन्सं, चार वर्षांत ती इतकी आज्ञाधारक कधी नव्हती, म्हणूनच मला भीती वाटते. तुम्हाला माहीतच आहे, चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवायची आणि घरी येऊन माझ्या नाकाला मिरच्या झोंबवायची. तेव्हा राग यायचा. आता त्या मिरच्यांची वाट बघते.

परवा तिने माळ्यावरची बॅग काढून मागितली. एक फेब्रुवारीला आईकडे जाते म्हणाली. परत कधी, असं तुमच्या भाच्याने विचारलं तर म्हणाली, "परत यायचं की नाही ते तिथे गेल्यावर ठरवीन." तो बिचारा पानावरून अर्ध्यावर उठला.

तुम्ही इस्पितळात दिवसभर लोकांना समजावता. तेव्हा तिला काय काय सांगायचं ते मला कागदावर लिहून पाठवा. मी पाठ करीन. मॅट्रिकला पाठांतरात मला कुणी हरवलं नव्हतं.

तुमची,
वहिनी

*

ता. १२ जानेवारी

प्रिय वहिनींस,
सा. न. वि. वि.

औषधवाल्याकडे चौकशी करणारी वहिनी जगात मला एकटीलाच असेल! पुढच्या वेळी बाटल्याच बदलून पाठवीन.

सूनबाईचं वाचून दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. आधी एक सांगते. पाठ करायचा कागद माझ्याकडे नाही. मी कुणाला समजावत नाही. आमच्या दारावर 'समुपदेशक' अशी पाटी आहे आणि त्या शब्दात मधोमध 'उपदेश' बसलेला आहे, पण त्याने पाटीवरच बसून राहायचं, खोलीत यायचं नाही. आमच्या शिक्षणाच्या वर्गात पहिले दोन महिने नियम होता की, ज्याच्या तोंडून सल्ला निघेल त्याने आपली खुर्ची भिंतीकडे फिरवून बसायचं. पहिल्या आठवड्यात निम्मा वर्ग भिंतीकडे तोंड करून होता. मी तर तिथली कायमची भाडेकरू.

माझ्या खोलीत काय आहे सांगू? दोन सारख्या उंचीच्या खुर्च्या. समोरासमोर नाही, जरा तिरक्या. म्हणजे बोलणाऱ्याला वाटलं तर माझ्याकडे बघता येतं, नाही वाटलं तर खिडकीकडे. घड्याळ येणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीवर, कारण मी मनगटाकडे बघितलं की माणूस बोलायचं आटोपतं घेतो. बाकी काही नाही. तुम्हीही तिच्यासमोर उभ्या राहून बोलू नका. ती बसली असेल तर शेजारी बसा, हातात काही काम घ्या.

"रडू नको" म्हटलं की माणूस आपल्यासमोर रडायचं थांबतो, रडायचं थांबत नाही. "देवाची इच्छा" तुमच्या श्रद्धेला धरून खरंच आहे, पण ते तिचं तिला सापडू द्या. आपण सांगितलं की तिला वाटतं, हिशोब मिटवला. प्रश्न विचारलात तर 'का' ने सुरू करू नका. 'का' मध्ये पोलीस असतो. 'काय', 'कसं' असं विचारा. आणि तुम्ही जितकं बोलाल त्याच्यापेक्षा ती जास्त बोलली पाहिजे, हे एवढं धरून चाला. ती जे बोलेल, तिचेच शब्द तिला परत द्या. आपल्या पदरचे घालू नका. आणि ती गप्प बसली तर तुम्हीही बसा. ती पोकळी भरायची घाई नको.

मी स्वतः येऊन तिच्याशी बोलणार नाही. मी तिची आत्तेसासू. नात्यातल्या माणसाने हे काम करू नये, त्यात सगळ्यांचीच पंचाईत होते. ती जेवत नसेल, झोपत नसेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही म्हणाली, तर मात्र माझ्या पत्राची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि मला फोन करा.

दादांच्या मोज्यांना माझा नमस्कार.

तुमची,
वन्सं

*

॥ श्री ॥
ता. १९ जानेवारी

प्रिय वन्सं यांस,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. पाच वेळा वाचलं. जेवते, थोडं झोपते, भलतंसलतं काही बोलत नाही. ते मी नीट बघून आहे.

तुम्ही लिहिलंत की, तिने जास्त बोललं पाहिजे. मग मी वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने पाडले. जमेला तिचे शब्द, खर्चाला माझे. रात्री आठवून लिहायचे. पहिल्या दिवशी जमा अकरा, खर्च दोनशेच्या वर. मोजता मोजता मला स्वतःचीच लाज वाटली. वन्सं, घरात मीठ जपून वापरणारी बाई मी, आणि तोंडाची ही उधळपट्टी! दुसऱ्या दिवशी ठरवून तोंड मिटलं तर जमा चार, खर्च पन्नास. त्यातले वीस तर "चहा ठेवलाय" मध्येच गेले. तिसऱ्या दिवशी मी तिच्या शेजारी बसून यांच्या शर्टाची बटणं लावली. ती म्हणाली, "आई, हे बटण वेगळं आहे." एवढंच. पण आपणहून म्हणाली. जमा पाच.

मग तुमचं ते 'शब्द परत द्या' करून बघितलं. ते जरा अंगाशी आलं. सविस्तर लिहिते.

मी कुणाचं मनात ठेवत नाही असं म्हणते, पण एक वाक्य माझ्या मनात चार वर्षं रुतून होतं. ती नवी आली तेव्हा मी तिचा कंगवा, तिची चष्मा पुसायची फडकी, तिचे कागद, सगळं आवरून ठेवायची. एक दिवस ती कडाडली, "आई, तुम्ही माझी एकही वस्तू जागेवर राहू देत नाही." मी तेव्हा गप्प बसले, पण विसरले नाही. तुमचं पत्र वाचून वाटलं, बरोबर आहे. हे तिचे शब्द माझ्याकडे अडकून पडलेत, म्हणून तिचं मन माझ्याकडे मोकळं होत नाही. परत देऊन टाकावेत. देवापुढे दिवा लावला, हात जोडले आणि तिच्या खोलीत गेले. म्हटलं, "तू चार वर्षांपूर्वी म्हणाली होतीस, मी तुझी एकही वस्तू जागेवर राहू देत नाही. हे तुझे शब्द मी तुला परत देते. आता माझ्या मनात काही नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट बघितलं. आणि म्हणाली, "अजूनही नाही देत."

आणि भिंतीकडे तोंड करून निजली. सकाळच्या अकरा वाजता.

जमा तीन. माझा खर्च लिहायचा धीर झाला नाही. वन्सं, माझं चुकलं कुठे? तुम्ही सांगितलं तसंच केलं ना? बॅग दाराशी येऊन बसली आहे.

तुमची,
वहिनी

*

ता. २३ जानेवारी

प्रिय वहिनींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी पोट धरून हसले, मग डोळ्यांत पाणी आलं. चूक माझी. आमच्या कामात 'शब्द परत देणं' म्हणजे ती आत्ता, या घडीला जे बोलली तेच तिला पुन्हा म्हणून दाखवणं, म्हणजे तिला कळतं की ऐकणारी ऐकते आहे. ती म्हणाली "कंटाळा आलाय" तर आपण म्हणायचं, "कंटाळा आलाय." बस. चार वर्षांची जुनी बाकी काढून हातात ठेवणं नव्हे! आम्हाला हे शिकवायला दहा लोक होते, तरी अशी चूक कुणाला सुचली नव्हती.

पण वहिनी, देवाची करणी बघा. तुमच्या चुकीने जे काढलं ते माझ्या शहाणपणाने निघालं नसतं. ती "अजूनही" म्हणाली. हा शब्द चार वर्षांपूर्वीचा नाही, आजचा आहे. म्हणजे अलीकडे तिची एखादी वस्तू जागेवर राहिलेली नाही. कुठली ते मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नसेल. अंदाज बांधू नका, घर उलथंपालथं करून शोधू नका. तिच्या शेजारी काम घेऊन बसा आणि एवढंच म्हणा, "अजूनही?" मग थांबा. कितीही वेळ लागू दे.

आणखी एक. आमच्या खोलीतलं बोलणं खोलीबाहेर जात नाही. मी तुम्हाला तुमच्या सुनेबद्दल लिहायला लावते आहे आणि तिला ते ठाऊक नाही, हे मला टोचतंय. यापुढे तिला विचारल्याशिवाय मला तिचं काही लिहू नका. ती नको म्हणाली तर फक्त खुशाली लिहा.

तुमची,
वन्सं

*

॥ श्री ॥
ता. २९ जानेवारी

प्रिय वन्सं यांस,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तिला विचारून लिहिते. म्हटलं, "आत्यांना लिहू का?" ती जरा विचार करून म्हणाली, "मोज्यांचं लिहा. बाकीचं माझं मी बघीन." तेव्हा मोज्यांचं तेवढं लिहिते. बाकीचं मला माहीत आहे, पण ते माझ्यापाशीच राहील.

बुधवारी दुपारी स्वयंपाकघरात खाली बसून मी वाटाण्याच्या शेंगा सोलत होते. ती पाणी प्यायला आली आणि पेला घेऊन तिथेच भिंतीला टेकून बसली. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि म्हटलं, "त्या दिवशी तू म्हणालीस, अजूनही नाही देत. अजूनही?"

आणि थांबले. वन्सं, थांबणं हे इतकं कष्टाचं काम आहे हे मला साठाव्या वर्षी कळलं. 'अगं मी तर तुझ्या भल्यासाठीच' हे ओठावर सतरा वेळा आलं आणि सतरा वेळा गिळलं. शेंगा संपल्या तरी ती बोलेना. मग मी रिकामी सालंच पुन्हा चाचपत बसले. उठले असते तर तिचं बोलणं उठलं असतं.

शेवटी म्हणाली, "बाबांच्या पायात आहे."

"काय आहे?" मी विचारलं.

"स्वेटर."

वन्सं, तुम्हाला मी लिहिलं होतं ना, लोकर घरातलीच मोकळी झालेली? ती कशाने मोकळी झाली ते लिहिलं नव्हतं. मला ते लिहिण्यासारखं वाटलंच नव्हतं. पाचव्या महिन्यात तुम्ही तिला पिवळी लोकर पाठवलीत, मुलगा होवो की मुलगी, दोघांनाही चालेल म्हणून. तिने आयुष्यात सुई धरली नव्हती. माझ्याकडून शिकून शिकून तिने बाळाचा स्वेटर विणला. एक बाही दुसरीपेक्षा दोन बोटं लांब झाली, तेव्हा आम्ही दोघी किती हसलो होतो! ती इस्पितळातून रिकाम्या हातांनी आली त्या दिवशी मी तो तिच्या कपाटातून काढून घेतला. म्हटलं, डोळ्यांसमोर नको. आणि इतकी चांगली लोकर, वाया का घालवायची? बसून उसवला, लोकर धुतली, गुंडी केली. महिन्याभरात यांचे मोजे तयार.

ती म्हणाली, "मी सकाळी खोलीतून बाहेर आले आणि बाबा पेपर वाचत बसले होते, पायावर पाय टाकून. मी रंग ओळखला, आई." मग म्हणाली, "तिकडे मला बाळ दाखवलंसुद्धा नाही. विचारलं नाही, नेलं. त्याच्या अंगाचं माप म्हणून तेवढंच माझ्याजवळ होतं. तेही तुम्ही विचारलं नाहीत."

मी म्हटलं, "विचारलं नाही." तिचेच शब्द. याहून दुसरं काही सुचलं नाही आणि खरंही तेच होतं. मग ती रडली. मी "रडू नको" म्हटलं नाही. पण नंतर मलाच इतकं रडू फुटलं की थांबेना. तीच उठून पाणी घेऊन आली, तीच माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली. ते काही बरोबर झालं नाही असं वाटतं.

हे बाहेरच्या खोलीत होते. सगळं ऐकलं असावं. पायातले मोजे काढले आणि न्हाणीघरात जाऊन स्वतःच्या हाताने धुतले. ज्या माणसाने चाळीस वर्षांत स्वतःची कपबशी विसळली नाही! वाळल्यावर घडी करून तिच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "मला माहीत नव्हतं गं." ती म्हणाली, "मला माहीत होतं बाबा, तुम्हाला माहीत नव्हतं ते."

त्या दिवशीचा जमाखर्च लिहायचा राहिला. पण एक तारखेला तिची गाडी आहे. बॅग भरली आहे. मी आता काय करू ते सांगा. चुकीची भरपाई कशी करतात ते तुमच्या वर्गात शिकवलं का?

तुमची,
वहिनी

*

ता. १ फेब्रुवारी

प्रिय वहिनींस,
सा. न. वि. वि.

हे पत्र पोचेल तेव्हा ती गेलेली असेल. जाऊ दे. आईजवळ राहावंसं वाटणं यात तुमचा पराभव नाही. "परत कधी येशील" असं पत्रातून विचारू नका.

ते तुम्ही "विचारलं नाही" एवढंच म्हणालात, त्या जागी मी असते तर घसरले असते. खरंच सांगते. पुढचं रडणं व्हायचंच होतं, पण ते तिच्यावर पडलं हे तुमच्या लक्षात आलं, तेही बरंच झालं. आता तुमचं रडायचं ते माझ्याजवळ रडा. मला कागद भिजलेले चालतात. तिला मात्र एकदाच, एका वाक्यात सांगा, "मी चुकले." 'पण' लावू नका. "मी चुकले, पण तुझ्या भल्यासाठी" यातलं 'पण' पासून पुढचं सगळं गिळून टाका. मग विचारा, "आता काय व्हावं असं तुला वाटतं?" आणि ती सांगेल तेवढंच करा. जास्त नको. तुम्हाला जास्त करायची सवय आहे.

तुमच्या गावच्या मोठ्या इस्पितळात माझ्यासारख्याच एक बाई बसतात. मी त्यांना ओळखत नाही, पण काम चांगलं आहे असं ऐकून आहे. सूनबाईला एवढंच सांगा की अशा बाई आहेत. जा म्हणू नका.

आणि एक जुनी गोष्ट लिहायची राहूनच गेली होती, इतकी वर्षं. मी सासर सोडून एक ट्रंक घेऊन तुमच्या दारात आले, तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी मला 'का' विचारलं. तुम्ही एकट्यांनी विचारलं नाही. रोज दुपारी घरखर्चाची वही माझ्यापुढे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "वन्सं, एवढी बेरीज तपासा, माझी चुकते." मी तपासायची आणि खरंच चुकलेली असायची. दोन महिने मला त्या चुकांनी तगवलं. पुढे कधीतरी लक्षात आलं की तुमच्यासारख्या बाईची बेरीज चुकत नाही. माझ्या हाताला काम असावं म्हणून तुम्ही मुद्दाम चुकवत होता. वहिनी, हे सगळं शिकायला मला नंतर दोन वर्षं आणि एक परीक्षा लागली. तुमचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. आज दाखवते.

तुमची,
वन्सं

*

॥ श्री ॥
ता. २४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं यांस,
सप्रेम नमस्कार.

आधी तुमच्या बेरजेचं. मुद्दाम नव्हत्या हो चुकवलेल्या! तुमची काळजी इतकी लागून राहिली होती की, त्या दोन महिन्यांत मला खरंच बेरीज जमत नव्हती. हातचा धरायला विसरायची. तुम्ही इतकी वर्षं मला हुशार समजत राहिलात, तशाच राहा, पण खरं काय ते सांगितलेलं बरं.

सूनबाई बारा तारखेला आली. कळवून नाही आली. मी दळण आणायला गेले होते, येऊन बघते तर पंखा चालू आणि चहाच्या दोन कपांवर बशा झाकलेल्या. म्हणाली, "आई, साखर कुठे ठेवलीत? डबे परत हलवलेत ना?" वन्सं, काय सांगू, नाकाला त्या मिरच्या झोंबल्या आणि मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

चहा झाल्यावर मी म्हटलं, "मी चुकले." तुमच्या आज्ञेप्रमाणे तिथेच थांबले. 'पण' घशात अडकला होता तो चहाबरोबर खाली गेला. मग विचारलं, "आता काय व्हावं असं तुला वाटतं?" मला वाटलं, वेगळं राहायचं म्हणेल. वाटलं, बाळाचं नाव काढू नका म्हणेल. तिने बॅग उघडली आणि मोजे बाहेर काढले. ते ती आईकडे घेऊन गेली होती. म्हणाली, "हे उसवा. आणि मला पुन्हा विणायचा आहे. तसाच."

मी म्हटलं, "तसाच?"

"तसाच. एक बाही लांब."

तर रोज दुपारी आम्ही दोघी बसतो. मोजे तिने स्वतः उसवले, मी फक्त गुंडी धरली. विणते तीच. टाका सुटला तर मी सांगत नाही, ती विचारते तेव्हा दाखवते. कधी बोलते, कधी नाही. काय बोलते ते तिचं आहे. त्या इस्पितळातल्या बाईंकडेही दर मंगळवारी जाते. पहिल्या दिवशी मी बरोबर गेले होते, दाराबाहेरच्या बाकावर बसले. ती पाऊण तासाने बाहेर आली, डोळे लाल, चेहरा मोकळा. मी काय झालं विचारलं नाही. घरापर्यंत! माझ्या जिभेला त्या दिवशी जेवढे कष्ट पडले तेवढे पायांना पडले नाहीत. एक तारखेपासून दुकानात अर्धा दिवस जायचं तिने ठरवलं आहे. तिने ठरवलं, मी नाही. तुमचा भाचा पानावरून आता पोटभर जेवून उठतो.

बॅग अजून दाराशीच आहे. येता जाता पायात येते. हे दोनदा अडखळले. मी उचलून माळ्यावर टाकलेली नाही. तिची आहे, ती ठेवील तेव्हा ठेवील.

वन्सं, तुमचे आभार कसे मानू? मी तुमच्याकडे पाठ करायचा कागद मागितला होता. तो तुम्ही दिला असता तर मी घडाघडा म्हणून दाखवला असता आणि पोर हातची गेली असती. मागच्या पानावरचे ते रकाने मी आता लिहीत नाही. मोजायला बसलं की ऐकायचं राहून जातं. देवापुढे बसतानाही अलीकडे मी मागणं कमी केलं आहे. नुसती बसते. इतकी वर्षं त्याला तरी मी कुठे बोलू दिलं होतं!

आता काम. यांच्या टाचांनी लोकर झिजवली आहे. पाठ झाली, पुढचे दोन भाग झाले, एक बाही झाली. दुसऱ्या बाहीला लोकर पुरत नाही, आणि नेमकी तीच लांब बाही. मी म्हटलं होतं की, घरात पांढरी आहे ती जोडू. ती म्हणाली, "नको, आत्यांना विचारा, त्यांनी पाठवली होती तीच पिवळी मिळते का. रंग थोडा वेगळा आला तरी चालेल. पण पिवळी." गुंडीवरची चिठ्ठी मी जपून ठेवली होती, ती सोबत पाठवते, दुकानाचा नंबर तिच्यावर आहे. अर्धी गुंडी पुरेल, पण तुम्ही पूर्ण पाठवा. उरली तर उरू दे. वाया गेली असं मी म्हणणार नाही.

विणून झाल्यावर ती तो कुठे ठेवणार ते तिने मला दाखवलं आहे. तिथे माझा हात जायचा नाही.

पिवळी मिळते की नाही, ते उलटटपाली कळवा. टपालपेटी हल्ली तीच उघडते.

तुमची,
वहिनी